राणी, वय ७, स्त्री

पशुवैद्य म्हणून मला जे येतं त्यातलं पुष्कळसं परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयानं दिलं. १८८६ साली सुरू झालेलं ते कॉलेज, तिथला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना आणि वॉर्डात हाताखाली घेऊन शिकवणारे आमचे सर, या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण आजारी कुत्रीचं रक्त कसं वाचायचं, हे मला सोलापुरात परत आल्यावर एका माणसानं शिकवलं. त्यानं आयुष्यात कधी कुत्रं पाळलं नव्हतं आणि त्याचं सगळं शिक्षण माणसांच्या रक्तावर झालं होतं. त्याच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, ते आता लिहिते.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मीही अण्णाच म्हणायचे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला जन्म, वडील मिलमध्ये, आई विड्या वळणारी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नडही. सोलापुरात असं तीन भाषांत वाढणं कुणाला नवल वाटत नाही. मॅट्रिकनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स करून ते एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले आणि तिथंच निवृत्त झाले.

मी दवाखाना काढला तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सोलापुरात पशुवैद्य म्हणजे गाई-म्हशींचा, शेळ्यांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यातही रांग त्यांचीच. घरात कुत्रं पाळणारे होते, पण त्यांच्यासाठी एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही, रक्त तपासायची सोय नाही. पोटाला हात लावून, डोळ्यांची पापणी उलटून, थर्मामीटर बघून जे कळेल ते निदान. परळला असताना रोज रक्ताचे रिपोर्ट हातात यायचे, त्यामुळं इथं मला हातपाय बांधल्यासारखं झालं. शेवटी एक दिवस रक्ताचा, जांभळ्या बुचाचा बल्ब घेऊन मी त्या लॅबमध्ये गेले. लॅबचे मालक डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले, दिवसा आमचे पेशंट बसलेले असतात, त्यांना चालणार नाही. संध्याकाळी लॅब बंद झाल्यावर अण्णा थांबणार असेल तर करा.

अण्णा थांबले. त्या संध्याकाळी थांबले आणि मग वर्षानुवर्षं थांबत राहिले.

ज्या आजारानं मला पहिल्यांदा त्यांच्या दारात नेलं, त्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. कुत्री आणणारी माणसं ‘पिशवीत पू झालाय’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. कुत्रीचं शरीर याबाबतीत विचित्र घडलंय. माज येऊन गेला की ती गाभण असो वा नसो, पुढचे साधारण दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन वरच राहतं. हे संप्रेरक गर्भ राखण्यासाठी असतं. ते गर्भाशयाचं अस्तर जाड करतं, त्यातल्या ग्रंथी फुगवतं, गर्भाशयाची हालचाल मंद करतं, तोंड मिटवतं आणि तिथला प्रतिकारही सौम्य करतं. गर्भ असेल तर हे सगळं उपयोगाचं. गर्भ नसेल तर आत ऊबदार, बंद आणि खाद्यानं भरलेली जागा तयार होते. माजाच्या वेळी तोंड उघडं असताना खालून वर गेलेले जंतू, बहुतेक वेळा आतड्यातलाच ई. कोलाय, तिथं वाढतात. दर माजाला हे घडत जातं आणि वय वाढेल तसं अस्तर अधिक बिघडत जातं. म्हणून हा रोग सहसा मधल्या-उतरत्या वयातल्या, न व्यालेल्या कुत्र्यांना गाठतो. माज येऊ नये म्हणून किंवा नको तो संग झाला म्हणून संप्रेरकाची इंजेक्शनं दिलेल्या कुत्र्यांना तर तरुणपणीही. तोंड उघडं राहिलं तर पू बाहेर येतो आणि घरच्यांना दिसतो. तोंड मिटलं तर काहीच दिसत नाही. पोट जरा मोठं, खाणं कमी, बसून राहणं, बस्स. ताप असतोच असं नाही.

एक खूण मात्र बहुतेक वेळा असते, ती म्हणजे तहान. ई. कोलायच्या विषानं मूत्रपिंडाला पाणी राखण्याची आज्ञा पाळता येत नाही. लघवी पातळ आणि भरपूर होते आणि कुत्री तेवढं पाणी पीत राहते. पुस्तकात हे वाचून मी पाठ केलं होतं. पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना सोलापुरातली कुठली कुत्री जास्त पाणी पीत नाही? उन्हाळ्यात ही खूण आमच्याकडं हरवून जाते. लोक म्हणतात, ऊन आहे, पिणारच.

राणीच्या बाबतीत ती हरवली नाही. राणी साधी देशी कुत्री, तांबूस रंगाची, साखर पेठेच्या पलीकडच्या एका बोळात एका विडी कामगार बाईंच्या उंबऱ्याशी वाढलेली. बाई तिला हातगाडीवर घालून घेऊन आल्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, ही पाणी लई पिऊलालीय. ऊन हाय म्हणून नव्हं. मी मोजलंय.”

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. त्या बाईंच्या घरात पिंप, घागर, कळशी सगळ्याचा हिशेब होता आणि राणीसाठी जर्मनचं एक पातेलं ठरलेलं होतं. ते दिवसातून एकदा भरायचं. त्या आठवड्यात ते पुन्हा पुन्हा भरावं लागलं आणि घरच्यांच्या वाटणीचं पाणी कमी पडलं. मांडीवर सूप घेऊन, नजर तेंदूच्या पानावर ठेवून विड्या वळणाऱ्या त्या बाईंच्या हे लक्षात आलं. मी त्यांना विचारलं, माज कधी आला होता? त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, गुढीपाडव्याच्या आधी, होळीच्या सुमाराला. म्हणजे दीड-दोन महिने. मी पोटाला हात लावला तर आत दोन्ही बाजूंना जाड, दोरखंडाएवढं काहीतरी हाताला लागत होतं. त्या बाईंचंही माझ्यावर ऋण आहे. पाण्याचा हिशेब इतका नेमका ठेवणारी माणसं मला पुढं फार भेटली नाहीत, आणि तेव्हापासून प्रत्येक कुत्रीच्या मालकाला मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारते.

तरी मला खात्री हवी होती. ऑपरेशन म्हणजे भूल, आणि आत पू असलेल्या कुत्रीला भूल म्हणजे जोखीम. बल्ब घेऊन मी लॅबमध्ये गेले.

अण्णांनी आधी विचारलं, “नाव?” मी माझं नाव सांगायला लागले, तर म्हणाले, “पेशंटचं.” आणि त्यांनी लॅबच्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं: राणी, वय ७, स्त्री. पुढं बऱ्याच दिवसांनी मालक डॉक्टरांनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, हे कोण? अण्णा म्हणाले, “पेशंट.” डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या रजिस्टरात राणीनंतर मोती, ब्यूटी, चंपा, डॉली, लक्ष्मी अशा कितीतरी जणी आल्या. टायफॉइडच्या आणि कावीळीच्या माणसांमध्ये, त्याच रांगेत, त्याच अक्षरात.

तेव्हा लॅबमध्ये पेशी मोजायचं यंत्र नव्हतं. यंत्र असतं तरी माणसाच्या पेशींवर बेतलेल्या यंत्रात कुत्र्याचं रक्त घातलं तर आकडे भरवशाचे येत नाहीत. अण्णा हातानं मोजायचे. काचेच्या पिपेटमध्ये रक्त ओढायचं, टर्क फ्लुइडनं विसपट पातळ करायचं म्हणजे लाल पेशी विरघळून जातात, मग न्यूबॉअर चेंबरच्या कोपऱ्यातल्या चौकटींमधल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. निरोगी कुत्र्याच्या रक्ताच्या एका घन मिलीमीटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण सहा ते सतरा हजार. राणीच्या आल्या सेहेचाळीस हजार. मी लगेच उठले. आकडा मिळाला होता, निदान झालं होतं.

“बसा,” अण्णा म्हणाले. “अजून फिल्म बघितली नाही.”

माझं खरं शिक्षण त्या शब्दापासून सुरू झालं. त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पसरला. अंगठ्याच्या नखासारखी निमुळती होत गेलेली, कुठंही खंड नसलेली पातळ फिल्म. असली फिल्म मी परळला कुणाच्या हातून पाहिली नव्हती. लीशमनचा रंग, मग पाणी, मग वाळवणं, मग तेलाचा थेंब आणि सगळ्यात मोठं भिंग. त्यांनी शंभर पेशी मोजल्या, पुन्हा शंभर मोजल्या, आणि मला खुर्चीवर बसवून म्हणाले, आता तुम्ही सांगा काय दिसतंय.

मला दिसत होते न्यूट्रोफिल, पू तयार करणारे. पक्क्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तुकड्यातुकड्यांत आवळलेलं असतं. इथं बऱ्याच पेशींचं केंद्रक सलग, वळलेल्या पट्टीचं होतं. बँड सेल. निरोगी कुत्र्यात शंभरात दोन-तीन, इथं पंचविसाच्या वर. याला आम्ही ‘लेफ्ट शिफ्ट’ म्हणतो. जोसेफ आर्नेथ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०४ च्या सुमारास न्यूट्रोफिलची वयानुसार मांडणी केली, कोवळ्या पेशी डावीकडं आणि पक्क्या उजवीकडं. तेव्हापासून कोवळ्या वाढल्या की तक्ता डावीकडं सरकला म्हणायचं. हे मला माहीत होतं. पण अण्णांनी सांगितलेलं कारण माझ्या डोक्यात कायमचं बसलं. ते म्हणाले, चादरीच्या कारखान्यात सीझनला मागणी वाढली की काय होतं? माल पुरता तयार व्हायच्या आधीच गोडाऊनबाहेर पडतो. हाडातल्या मगजाचंही तसंच. पिशवी पेशी मागतेय, मगज पक्क्या पुरवून पुरवून संपलाय, आता कच्च्या पाठवतोय.

मग त्यांनी एका पेशीवर भिंग स्थिर केलं. पेशीच्या आत निळसर, पुसट डाग होते. “हे बघा. घाईनं बनवलेली पेशी. माणसात सेप्सिस असला की दिसतं.” पुस्तकी भाषेत त्यांना डोले बॉडीज म्हणतात. पेशीत असा विषारी बदल दिसला की जंतूंचं विष रक्तात पोचलंय असं समजायचं. अण्णांनी रिपोर्टवर आकड्याखाली तेही लिहिलं. लॅबच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती, म्हणून समासात.

राणीचं ऑपरेशन त्याच रात्री केलं. गर्भाशयाची दोन्ही शिंगं पुवानं टम्म फुगलेली होती. पण फुटलं नव्हतं, पोटात काही सांडलं नव्हतं. अंडाशयांसकट सगळं काढलं. सकाळी राणीनं मान वर केली, दुपारी पाण्याला तोंड लावलं आणि थोडंच प्यायली. बाई तिथंच बसून होत्या. सूप सोबत आणलेलं, हात चालू.

दोन दिवसांनी पुन्हा रक्त काढलं, कारण अण्णांनी तसं बजावलं होतं. काउंट आला अठ्ठावन्न हजार. ऑपरेशनच्या आधीपेक्षा बारा हजारांनी जास्त. आत काही राहिलं का, टाका सुटला का, पोटात जंतू गेले का, असं सगळं डोक्यात आलं. पुन्हा पोट उघडावं का, हा विचार मी करत होते. अण्णांनी शांतपणे फिल्म लावली, बराच वेळ बघितली आणि मला बसवलं. या वेळी बँड कमी होते. निळे डाग शोधावे लागत होते, बऱ्याच पेशी स्वच्छ होत्या. “आकडा वाढला, पण माल पक्का यायला लागला,” ते म्हणाले. “जिथं पेशी खपत होत्या ती पिशवीच तुम्ही काढून टाकली. मगजाला अजून कळलं नाही, तो पाठवतोच आहे. आता त्या रक्तातच फिरणार. थांबा.”

आम्ही थांबलो. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा उतरायला लागला आणि टाके काढायच्या वेळेला राणी दवाखान्याच्या दारातून आपल्या पायांनी आली. पुढं मला पुस्तकांत हीच गोष्ट सापडली, की गर्भाशय काढल्यावर पांढऱ्या पेशी काही दिवस आणखी वाढू शकतात, त्यानं घाबरायचं नसतं. पण त्या संध्याकाळी माझ्यापाशी पुस्तक नव्हतं, अण्णा होते. एका कुत्रीचं पोट विनाकारण दुसऱ्यांदा उघडलं गेलं नाही, उघडलं असतं आणि ती भुलीतून उठली नसती तर मी हे काम पुढं केलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

आकडा जास्त असणं हेच वाईट, असं तरीही माझ्या मनात कुठंतरी होतं. ते एका अल्सेशियननं काढून टाकलं. मोठी, देखणी, बंगल्यातली कुत्री. दोन दिवस खात नव्हती, सकाळी उठलीच नाही. काउंट आला चार हजार. फोनवर अण्णांचा आवाज कधी नव्हे तो चढलेला होता. “मॅडम, कमी आलाय म्हणून बरं वाटून घेऊ नका. पक्क्यांपेक्षा कच्च्या जास्त आहेत. प्रत्येकीत डाग. संपत आलंय तिचं.” पोट उघडलं तर पू आधीच पोटात सांडलेला होता. सगळ्या पांढऱ्या पेशी तिकडं धावल्या होत्या, मगज रिता झाला होता आणि रक्तात जेमतेम उरल्या होत्या. आम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं. ती वाचली नाही. कमी काउंट आणि त्यात कच्च्या पेशींचा भरणा, हे चाळीस-पन्नास हजारांपेक्षा कितीतरी भीतीदायक आहे, हे तिनं शिकवलं. नंतर अभ्यासांतही दिसलं की पायोमेट्रात पांढऱ्या पेशी घटलेल्या असणं हे पोटात जंतू पसरण्याशी आणि दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागण्याशी जोडलेलं असतं. आजही असा रिपोर्ट आला की मी पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही.

सीआरपीची ओळखही अण्णांनीच करून दिली, पण वेगळ्या वाटेनं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूतला ‘सी’ नावाचा एक पदार्थ आजारी माणसाच्या रक्तात साका धरत होता आणि माणूस बरा झाला की धरेनासा होत होता. रक्तातलं जे प्रथिन त्या ‘सी’शी जुळायचं ते म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी. शरीरात कुठंही मोठा दाह झाला की यकृत ते काही तासांत तयार करायला लागतं. अण्णांच्या लॅबमध्ये हृदयाला सूज आलेल्या, सांधे दुखणाऱ्या मुलांसाठी ही चाचणी व्हायची. काळ्या काचेवर सीरमचा थेंब, त्यावर लॅटेक्सचा दुधाळ थेंब, दोन मिनिटं काच हलवायची. प्रथिन असलं तर दूध फाटल्यासारखे कण दिसतात.

एकदा मी म्हटलं, अण्णा, आपण हे चंपावर करून बघू. चंपाच्या पोटात त्या वेळी निश्चित पू होता. अण्णांनी तिचं सीरम एका चौकटीत घेतलं, शेजारच्या चौकटीत किटमधलं पॉझिटिव्ह कंट्रोल. काच हलवली. कंट्रोल फाटलं, चंपाचं दूध तसंच गुळगुळीत राहिलं. अण्णांनी पुन्हा केलं, तेच. मी हिरमुसले. ते म्हणाले, “यातली अँटिबॉडी माणसाच्या प्रथिनाला ओळखणारी आहे. कुत्र्याचं प्रथिन वेगळं असणार. तिच्या रक्तात आहेच, आपल्याला बघायला डोळा नाही.” मग थोडं थांबून, “कुणीतरी करत असेल. शोधा.”

मी शोधलं. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, परिषदांमध्ये, परळच्या जुन्या मित्रांकडून. करणारे स्वीडनमध्ये निघाले. तिथं निरोगी कुत्रीचं गर्भाशय काढून टाकायची पद्धत पूर्वी रूढ नव्हती. त्यामुळं पायोमेट्रा खूप, आणि कुत्र्यांचा विमा उतरवायची सवय असल्यानं नोंदीही भरपूर. त्या नोंदींवरून दिसतं की दहा वर्षांची होईपर्यंत पाचातल्या किंवा चारातल्या एका कुत्रीला हा आजार गाठतो. उप्साला इथल्या कृषी विद्यापीठात रागन्वी हागमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रक्तातल्या खुणांवर वर्षानुवर्षं काम केलं. कुत्र्यात सीआरपी तासांत वाढायला लागतं, दिवस-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण गेलं की झपाट्यानं उतरतं. निरोगी कुत्र्यात लिटरला साधारण दहा मिलिग्रॅमच्या आत, पायोमेट्रात शंभराच्या, कधी दोनशेच्याही वर. तिथल्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की गर्भाशय नुसत्या स्रावानं फुगलंय की त्यात जंतू आणि पू आहे, हे वेगळं करायला सीआरपी मदत करतं. हाताला आणि सोनोग्राफीत दोन्ही सारखीच लागू शकतात. एकीला वेळ असतो, दुसरीला नसतो.

अण्णांना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, की ऑपरेशननंतर ते परत बघतात का? बघतात, मी म्हटलं. ते समाधानानं हसले.

कुत्र्यासाठी खास बनवलेली सीआरपीची चाचणी सोलापुरात माझ्या टेबलावर यायला मात्र फार वर्षं गेली. ती आली तोवर अख्ख्या सोलापूरला सीआरपी माहीत झालं होतं. २०२० चा एप्रिल, शहरात कोविड आला, आणि पुढचं दीड वर्ष ‘सीआरपी किती?’ हा प्रश्न लोक तब्येतीच्या चौकशीसारखा विचारायला लागले. अण्णा तेव्हा निवृत्त होते, आपल्या बोळात, घरी. गल्लीतली पोरं मोबाइलवर रिपोर्टचे फोटो पाठवायची आणि अण्णा दाराआडून, तोंडावर रुमाल बांधून, एकेकाला समजावून सांगायचे. हा आकडा किती, काल किती होता, उतरतोय का, लिम्फोसाइट किती, दवाखान्यात आजच जा, थांबू नको. त्या काळात त्यांनी किती जणांना वेळेवर घराबाहेर काढलं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. बोळातल्या माणसांना आठवतंय.

साथ ओसरल्यावर मी त्यांना दवाखान्यात बोलावलं. एका लॅब्रॅडॉरचं गर्भाशय काढून तीन दिवस झाले होते. ऑपरेशनच्या जखमेनंही सीआरपी वर जातं, पण तिसऱ्या दिवशी ते खाली यायला हवं. तिचं उतरतच नव्हतं, दीडशेच्या वर अडकलेलं. खाणं ठीक, ताप नाही. अण्णांनी यंत्रावरचा आकडा बघितला आणि सवयीनं फिल्म मागितली. बँड पुन्हा वाढले होते. “दोन्ही एकच बोलताहेत,” ते म्हणाले. आम्ही सोनोग्राफी केली. गर्भाशयाच्या उरलेल्या टोकाशी पू साचला होता. पुन्हा उघडलं, धुतलं, आणि ती वाचली. या वेळी दुसऱ्यांदा पोट उघडणं गरजेचं होतं आणि ते आम्हाला दोन ठिकाणांहून कळलं. चहा घेताना अण्णा म्हणाले, “सीआरपी आजार केवढा ते सांगतं. अंगात झुंजायला किती उरलंय ते फिल्म सांगते. यंत्र आलं म्हणून फिल्म सोडू नका.” सोडलेली नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी काच आणि रक्ताचा थेंब देते, आणि फिल्म निमुळती, अखंड जमेपर्यंत दुसरं काही देत नाही.

लॅबला मी चाचण्यांचे पैसे नेमानं देत आले. अण्णांच्या संध्याकाळींचे पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. मी एकदा फारच आग्रह धरला. ते म्हणाले, “पैसे नकोत. आमच्या बोळात या.” बोळात दर घरटी एक कुत्री. रेबीजची लस कुणाला नाही, आणि दर सहा-आठ महिन्यांनी माज, पिल्लं, मेलेली पिल्लं, किंवा पिशवीत पू. “तुम्ही रोग वाचायला शिकलात,” ते म्हणाले. “आता तो होऊच देऊ नका. माझ्याकडं बल्ब घेऊन यायचं काम कमी करा.” निरोगी कुत्रीचं गर्भाशय आणि अंडाशयं वेळीच काढली तर हा आजार होत नाही, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. तेव्हापासून ठरावीक रविवारी तिथं लसीकरण आणि नंतर टप्प्याटप्प्यानं दवाखान्यात ऑपरेशनं होतात. आधी बायका घाबरायच्या, पोट फाडायचं म्हणजे काय. अण्णा त्यांना तेलुगूत समजावायचे, आणि त्यांच्या शब्दापुढं माझी डिग्री काहीच नव्हती. राणीच्या बाईंनी सगळ्यात आधी होकार दिला, राणीनंतर पाळलेल्या कुत्रीसाठी.

अण्णा गेले त्याला आता काही काळ झाला. त्यांची सून लॅब टेक्निशियन आहे, एका रुग्णालयात. बोळातली यादी आता ती करते. परवाच तिचा फोन आला. या वेळच्या यादीत नऊ जणी आहेत, पण त्यातल्या दोघींचा माज नुकताच संपलाय, त्यांना आणू का? मी म्हटलं, त्यांना अडीच-तीन महिन्यांनी आण, आत्ता नको. “आणि तोवर?” तिनं विचारलं.

“तोवर त्यांच्या घरच्यांना सांग, एकच पातेलं ठरवा आणि दिवसात किती वेळा भरावं लागतं ते बघा. जास्त भरायला लागलं तर तीन महिने थांबू नकोस. त्याच संध्याकाळी रक्त घेऊन ये, आणि फिल्म तूच पसर.”